आळशी बरीराचं रान

बरीरा माझी थोरली सवत. तिच्याबद्दल चांगलं बोलले तर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि वाईट बोलले तर लोक म्हणतील, सवतच ती, बोलणारच. म्हणून जे झालं तेवढंच सांगते.

वाळवंटाच्या कडेला, मरादी शहराच्या उत्तरेला आमचं गाव. पेरणीआधी शेत असं साफ करायचं की कोंबडीलाही आडोसा सापडू नये, ही आमची इभ्रत. शेतातल्या गाओ नावाच्या काटेरी झाडांच्या जुन्या खोडांना धुमारे फुटले की छाटायचे आणि जाळायचे. शिवाय झाड मोठं झालं की ते सरकारचं. फांदी तोडली तरी वनरक्षक दंड ठोकणार. मग झाड सरकारजमा होण्याआधीच त्याचा निकाल लावलेला बरा, इतके आम्ही शहाणे. सरपणासाठी बायका दोन तास चालायच्या, पण चालणं तब्येतीला चांगलंच की.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचा नवरा मातो याने सखल जमीन मला दिली आणि टेकाडावरची वाळू बरीराला. न्यायी माणूस.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर बरीराची पाठ धरली. शेत साफ करणं जमेना. तिने बसल्या बसल्या प्रत्येक खोडावरचे दोन-तीन सरळ धुमारे ठेवले आणि बाकीचे विळ्याने कापून चुलीसाठी आणले.

शेजारच्या शेतातून याहूजा ओरडला, "वहिनी, हे शेत आहे की बकऱ्यांचा बाजार?"

"तुम्ही आलात म्हणजे बाजारच म्हणायचा, भावजी."

पुढच्या वर्षी पाठ बरी झाली, पण धुमारे तिने तसेच राखले. चुलीजवळ आयतं सरपण पडायला लागल्यावर कोण दोन तास चालतंय? गाव तिला आळशी म्हणायचं. मीही म्हणायचे, आणि जरा मोठ्यानेच.

चौथ्या वर्षी पेरणीनंतर वारा सुटला. वाळूने कोवळी बाजरी गाडली. याहूजाने तीनदा पेरलं, मी दोनदा. टेकाडावर मात्र गाओंनी वारा अडवला आणि बरीराची एकच पेरणी उभी राहिली. गाओचं झाड पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे पिकावर सावलीही नाही. उन्हाळ्यात हिरव्या सावलीला गुरं बसतात आणि खत टाकून जातात. हे सगळ्या गावाला पिढ्यानपिढ्या माहीत होतं. माहीत असूनही कापत होतो, हा आमचा मोठेपणा.

याहूजाला कारण सापडलं. "त्या झाडांत जिन्न आहे," त्याने मशिदीसमोर सांगितलं. "नाहीतर बाईमाणसाच्या शेतात एवढी कणसं?"

त्याच हिवाळ्यात याहूजाच्या घरी बाळाचं बारसं होतं. बोकड कापला होता. बरीरा आणि मी पोटभर जेवलो. परतताना टेकाडावरून आलो तर अकरा झाडं गायब, नुसते बुंधे. बरीरा एका बुंध्यावर हात ठेवून बसली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवशी मला टोमणा सुचला नाही.

आम्ही गावप्रमुखाकडे गेलो. त्याने दाढी कुरवाळत निकाल दिला.

"झाडं तुझी म्हणालीस, तर वनरक्षक तुला धरेल. सरकारची म्हणालीस, तर अख्ख्या गावाला. तेव्हा पोरी, झाडं तुटलीच नाहीत."

"डोळ्यांनी बघून आले, बाबा."

"मग डोळ्यांना औषध लाव."

बरीरा तिथून थेट याहूजाच्या बायकोकडे, तलातूकडे गेली. ओल्या बाळंतिणीच्या चुलीमागे गाओच्या काटेरी फांद्या रचलेल्या होत्या.

"मटण छान शिजलं होतं गं," बरीरा म्हणाली. "लाकूड चांगलं होतं."

तलातू हमसून रडायला लागली. "अक्का, ओली बाळंतीण मी. रानापर्यंत चालवेना. बारशाच्या सरपणाला बहिणींना मीच पाठवलं."

"तुमच्या शेतात खोडं नाहीत?"

"ह्यांना साफ शेत लागतं. माझं ऐकतात होय?"

बरीराने बाळाला मांडीवर घेतलं. "मग जिन्नाचं ऐकतील. सांग, बरीराची झाडं तोडली, तो जिन्न बेघर झाला आणि आता तुमच्या खोडांत राहायला आलाय."

स्वतःच पसरवलेल्या अफवेला खोटं कसं म्हणणार? याहूजाने त्या पेरणीला एकाही खोडाला हात लावला नाही. जिन्नाने लवकरच आणखी पाच-सहा घरांची शेतं धरली. बायकांनी बोलावलं की तो लगेच यायचा. मीही बोलावला.

काही वर्षांनी सरकारकडून निरोप आला, की झाड राखेल त्याचं. "मोठी मेहेरबानी," बरीरा म्हणाली.

आता याहूजा पाहुण्यांना आपलं शेत दाखवतो आणि म्हणतो, झाडं राखायची अक्कल आमची वडिलोपार्जित. त्याच्या शेतात खरंच चांगलं पिकतं, तेव्हा कोण भांडत बसणार?

मातो जाऊन सात वर्षं झाली. बरीराला आता नीट दिसत नाही. छाटणीला मी तिला हात धरून नेते. ती धुमारे चाचपते आणि सांगते, "हा ठेव, तो काप." मी कापते. कधीकधी मुद्दाम भलताच कापते, तर म्हातारी आवाजावरूनच ओळखते आणि माझ्या माहेरचा उद्धार करते.