स्वतःभोवतीची फेरी

पहिल्यांदा आशालताबाई पडल्या त्या गराजमध्ये, आणि घरात कुणाला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. दंडावरचा काळानिळा डाग स्वेटरखाली झाकला गेला. ख्राइस्टचर्चच्या थंडीचा तेवढा तरी उपयोग! दुसऱ्यांदा मात्र डिशवॉशरच्या उघड्या दाराला अडखळून थेट सुनेच्या समोरच पडल्या. सून विनया फार्मसिस्ट, तिच्या नजरेतून काय सुटणार? "आई, याआधी कधी पडला होतात?" असं तिने विचारलं. "छे गं" असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची एक पंचाईत होती. खोटं बोललं की त्यांचे कान लाल व्हायचे. जन्मभर शाळेत पोरांच्या थापा पकडल्या, पण स्वतःला एक थाप धड मारता येऊ नये! झालं, गराजचंही बाहेर आलं.

पडल्याचं बाईंना एवढं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते रात्री जेवताना मुलाने, श्रीनाथने, जे सुनावलं त्याचं. "आई, असे पाय लटपटत असताना पुण्याचं नाव काढायचं नाही. विमानात पडलीस तर कोण उचलणार तुला?"

पुण्याला मंदा होती. बाईंची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, आणि आता स्वतः अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गमावून, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पडून होती. जवळ एक सांभाळणारी बाई, रुक्मिणी, तेवढीच. जीभ जड झालेली. दर रविवारी व्हिडिओ कॉल लागला की मंदा बराच वेळ ओठ जुळवायची आणि एकच शब्द काढायची. "कधी?" बस्स. त्यापुढे आशालताबाईंना तोंड लपवायला जागा उरायची नाही. बहीण हयात असताना तिला एकदा जवळ घ्यायचं, तिच्या डोक्याला तेल लावायचं, एवढंच त्यांना हवं होतं हो. जगाचं राज्य नको होतं.

श्रीनाथही काही दुष्ट नव्हे. घाबरट. त्याने शब्द दिला, "फिजिओ हो म्हणाली की त्याच दिवशी तिकीट काढतो."

मग फिजिओथेरपिस्ट आली, तिचं नाव हिने. उंचीपुरी माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली मुलगी, दारातूनच "किया ओरा, आशा!" असा माओरी नमस्कार करत शिरली. आशा! कालची पोर आणि खुशाल नावाने हाक मारते, बाईंच्या कपाळाला आठी पडली. विनया मध्ये बसून मराठीत सांगत होती, आणि हिनेच्या प्रत्येक 'यू'चं न चुकता 'तुम्ही' करत होती, म्हणून थोडं निभावलं.

पण पोरगी हुशार. आल्या आल्या तिने व्यायामाचा छापील कागद हातात कोंबला नाही. म्हणाली, "सगळ्यांना एकच व्यायाम मी देत नाही. सकाळी उठल्यापासून तुमचं शरीर काय काय करतं ते सगळं सांगा. आणि कुठे जायचंय तेही." बाईंनी सगळं सांगितलं. अंघोळीचा टब ओलांडते, वरच्या कप्प्यातला डबा काढते, खाली बसून भाजी निवडते. विमानात चिमुकल्या संडासात वळायचंय. पुण्यात तीन मजले चढायचेत. हिनेने त्यातूनच एकेक व्यायाम बेतला. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. पायाला वजनाच्या पट्ट्या बांधून गुडघा सरळ करायचा. जमिनीवरून उठताना आधी रांगत खुर्चीपर्यंत जायचं. आणि वळताना गरकन वळायचं नाही. लहान लहान पावलं, डोळे उघडे, एक हात आधाराला.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. हिने म्हणाली, घरात बूट घालायचे, मोज्यांवर व्यायाम नाही. स्वयंपाकघरात देव्हारा, आणि बूट? बाई हटून बसल्या. शेवटी विनयाने कोरे करकरीत बूट आणले, त्यांना बाहेरची जमीन दाखवायचीच नाही या अटीवर. देवाकडे पाहून बाई म्हणाल्या, "मंदेसाठी घालतेय रे बाबा, तू दुसरीकडे बघ."

सुरुवातीला फार जड गेलं. मांड्या भरून यायच्या, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालताना तोल जायचा. एका दुपारी घरात कुणी नसताना बाई ओट्याला धरून रडल्या. स्वतःचेच पाय, जन्मभर न विचारता चाललेले, आणि आता त्यांची अशी मनधरणी करायची! पण रविवार यायचा, मंदाचे ओठ हलायचे, आणि सोमवारी बाई पुन्हा पट्ट्या बांधायच्या. नात श्रिया कॉलेजातून आली की भिंतीला टेकून बघायची. "आजी, हीप्स बेटर!" म्हणायची, म्हणजे पहिल्यापेक्षा कितीतरी छान. आजीला काय ते कळायचं आणि खुदकन हसू यायचं.

हिवाळा सरत आला तेव्हा हिनेने सगळं तपासलं. खुर्चीवरून उठवलं, एका पायावर उभं केलं, पायऱ्या चढवल्या. मग बाईंचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आशा, जा बहिणीकडे." श्रीनाथने शब्द पाळला, तिकीट काढलं. त्या रविवारी मंदाने ओठ जुळवायच्या आतच बाई ओरडल्या, "दसऱ्याला गं! दसऱ्याला मी तुझ्यापाशी!" मंदाचा डावा गाल हसला, दोन्ही डोळे वाहिले. तिने खुणा करकरून रुक्मिणीला कपाटातली नवी चादर काढायला लावली. अजून दीड-दोन महिने अवकाश होता, पण ऐकते कोण!

आणि मधेच गणपती आले.

मराठी मंडळाचा गणपती इथे शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये. बाई पैठणी नेसून गेल्या. सगळ्यांनी बाहेर बूट काढले तसे त्यांनीही काढले, आणि थंडी म्हणून जाड मोजे तसेच ठेवले. घरातले ते बूट आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हॉलची जमीन लाकडी, गुळगुळीत. आरतीचं ताट श्रीनाथच्या हातात दिलं म्हणून बाईंची छाती भरून आली होती. टाळ वाजत होते, विनया डावीकडे, श्रिया उजवीकडे. आरत्या संपत आल्या आणि ती वेळ आली, जेव्हा आपण सगळे हात जोडतो, डोळे मिटतो आणि जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो.

परकर नेसायच्या वयापासून बाई ही फेरी घेत आल्या होत्या. आजही घेतली. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मनात मंदा. आधाराला काही नाही. आणि विनया, श्रिया, सगळा हॉल डोळे मिटून फिरत होता, त्यामुळे बाई पडताना कुणीच पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त श्रीनाथने. तो देवासमोर पेटतं ताट घेऊन उभा. ते टाकता येईना, ठेवायला जागा मिळेना, आणि तोंडून नुसतं "आई... आई..." निघत राहिलं. टाळांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. हिने वॉर्डात आली, तर आज तिने दारातून हाकही मारली नाही. कसं झालं, तिने विचारलं. विनयाने पलंगाशेजारी उभं राहून हात जोडले, डोळे मिटले आणि एक फेरी घेऊन दाखवली. हिने बघतच राहिली. "आशा," ती हळूच म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीत. मी सगळं विचारलं होतं. आपण हेसुद्धा शिकलो असतो."

"अगं, ते कुठे सांगायचं असतं?" बाई म्हणाल्या. "ती काय हालचाल आहे का? नमस्कार आहे तो." विनयाला ते इंग्रजीत सांगता सांगता रडू फुटलं. दोष द्यायचा तर कुणाला? हिने बाईंचा हात धरून बसून राहिली.

रविवार उजाडला. तिकीट रद्द झालं होतं. हे पाय पुन्हा कधी तीन मजले चढतील, चढतील तरी का, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. "मी बोलतो मंदामावशीशी," श्रीनाथ म्हणाला. "तिला नीट समजावून सांगतो."

"फोन दे इकडे." बाईंनी अंगावरची शाल सारखी केली, उशीला टेकून चेहरा वर घेतला. मागची पांढरी भिंत तेवढी दिसत होती. पडद्यावर मंदा आली. अंगाखाली नवी चादर, केस विंचरलेले. तिने ओठ जुळवले, थांबली, पुन्हा जुळवले.

"कधी?"

"निघाले गं मंदे," आशालताबाई म्हणाल्या. "निघालेच."

त्यांचे दोन्ही कान लालभडक झाले. श्रीनाथने मान फिरवली. तिकडे मंदाला एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार! तिने समाधानाने मान हलवली आणि डावा हात उचलून रुक्मिणीला कसली तरी खूण केली. रुक्मिणीला आधी कळेना. मग कळलं. "हो हो, उघडते," म्हणत ती तसाच फोन हातात घेऊन निघाली. कडी वाजली. दार उघडलं आणि पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा जिना दिसू लागला.