आवाज उजव्या वळणावर येतो

दर मंगळवारी आणि शनिवारी सासूबाईंना वणीला डायलिसिसला न्यायचं काम माझं. नवरा कोळशाच्या खाणीत, शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची, घरी असला की झोपलेला. थोरले दीर घरचे कारभारी. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मजूर, बाजार, सगळं त्यांच्या डोक्यावर. गाडी दुसऱ्याच्या हातची घेतलेली, पण मुकुटबनजवळच्या आमच्या गावाहून वणीला जाऊन यायला पुरेशी. माहेरी मी ट्रॅक्टर चालवायची, तेव्हा गाडीचं मला काही नवल नव्हतं.

तो आवाज पहिल्यांदा आला आमच्याच दाराशी. चौकातून घराकडं यायचं तर उजवीकडं एकदम काटकोनात वळावं लागतं, आणि नेमका तिथंच चढ. स्टेअरिंग पार शेवटपर्यंत फिरवायचं आणि वरून रेसही द्यायची. त्या वळणावर पुढच्या डाव्या बाजूनं कट-कट-कट-कट असं वाजलं. चाक सरळ केलं की बंद. सासूबाई माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होत्या. डायलिसिसहून येताना त्या अर्ध्या झोपेतच असतात, पण तेवढ्यात डोळे उघडून म्हणाल्या, "माह्या पायाखाली कोणी फुटाणे फोडून राह्यलं का वं?"

मी दुसऱ्या दिवशी डिकी रिकामी केली. जॅक, पाने, तेलाचा रिकामा डबा, कुणीतरी टाकून ठेवलेली पोत्याची सुतळी, सगळं अंगणात काढलं. आवाज तसाच. सरळ रस्त्यावर नाही, ब्रेक लावला तर नाही, खड्ड्यात गेली तरी नाही. डावीकडं वळले तर गाडी गपगुमान. उजवीकडं स्टेअरिंग पूर्ण फिरवून चढाला रेस दिली की हजर. गाडी हळू तर आवाज हळू, गाडी जोरात तर आवाज घाईत. म्हणजे चाकाबरोबर काहीतरी फिरत होतं आणि फिरता फिरता अडत होतं. एवढं मला कळलं होतं, आणि ते मी कुणालाही छातीठोक सांगायला तयार होते.

पण सांगायचं कुणाला? गाडीचं सगळं थोरले दीर बघायचे, आणि आमच्या घरात धाकटी भावजय थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. तशी रीतच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं सगळं बोलणं सासूबाईंच्या मार्फत. तिघंही एकाच खोलीत असलो तरी. मी म्हणायचं, आई, त्यायले सांगा, भाजी वाढून ठेवली. त्यांनी म्हणायचं, आई, तिले सांग, जेवतो थोड्या वेळानं. मधे सासूबाई दोन्हीकडं मान हलवणार. कधी कधी तर त्या काही सांगायच्याही नाहीत, नुसत्या बसून राहायच्या, आणि तरी निरोप पोचायचा. मला आधी हसू यायचं, मग सवय झाली, आणि या आवाजाच्या वेळी मात्र डोकं फिरलं.

निरोप गेला, गाडी उजव्या वळणावर आवाज करते. दीर गाडी घेऊन वणीच्या रस्त्याला लागले, कोळशाच्या दोनचार ट्रकांना मागं टाकून परत आले आणि चौकात पानठेल्याजवळ गाडी लावून पायी घरी आले. ते नेहमी तिथंच लावतात. गावातले सगळे गडी तिथंच लावतात. वर आणायची तर गल्ली अरुंद, परत काढताना मागं मागं घ्यावी लागते, रंगाला ओरखडा जाईल ही भीती. चालतं माणूस असेल तर चढून येतं. पण चार तास मशीनला लागून आलेल्या बाईनं तो चढ कसा चढायचा? म्हणून फक्त मी गाडी दारापर्यंत आणायची. ते वळण गावात माझ्याशिवाय कुणीच घेत नव्हतं.

दिरांनी सासूबाईंना सांगितलं, तिले सांग, काही आवाज नाही, मी ऐंशीवर पळवून आणली. मी म्हटलं, ऐंशीवर कायले, दाराशी आणून पाहा म्हणावं. हा निरोप सासूबाईंनी गिळला.

पुढच्या वेळी दिरांनी गाडीचा मिस्त्री बोलावला. मी ओट्यावर उभी राहून म्हटलं, वर घेऊन या, वळणावर ऐका. तो हो हो म्हणाला आणि दिरांच्या शेजारी बसून गेला. पुन्हा तोच सरळ रस्ता. परत येऊन त्यानं चाकांचे नट आवळले, कुठंतरी ऑइल मारलं आणि हसत हसत सांगितलं, वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवत असतील. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. क्लच काय फक्त उजव्या वळणावर वाजतो? पण हे कुणाला विचारायचं? मिस्त्री गेला आणि दीर पानठेल्यावर.

खरी गोष्ट अशी की आवाज कुठं येतो हे फक्त मला माहीत होतं, आणि तपासायला गाडी निघायची तेव्हा मला सोडून निघायची. थोरला दीर गाडी चालवत असताना भावजय पुढं शेजारी बसत नाही. बसलीच तर मागं, डोक्यावर पदर घेऊन, तेही सासू सोबत असली तर. मग वळण दाखवणार कोण? सासूबाईंनी एकदा सांगून पाहिलं की मलेबी ऐकू आला. त्यावर दीर म्हणाले, आईले आजकाल काहीबी ऐकू येते.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दादा म्हणतो तसं करू. मी म्हटलं, तुह्या दादाले चाकाचं विचारत नाही, तुले विचारून राह्यली. तो म्हणाला, ड्युटीवर आहे, मग बोलतो.

शेवटी निकाल लागला. दिरांनी सांगितलं, आई, तिले सांग, गाडी बिघडवून ठेवील ती, किल्ली माह्याकडं राहू दे, तुले वणीले मी नेत जाईन. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी किल्ली खिळ्यावरून काढली आणि सासूबाईंपुढं ठेवली. फेकली असती तर बरं झालं असतं, पण हातून झालं नाही.

तो पहिलाच शनिवार. दिरांचा कापसाचा ट्रॅक्टर बाजारात रांगेत अडकला, आणि गाडीची किल्ली त्यांच्या खिशात. खोटं सांगत नाहीत ते, रांग होतीच. सासूबाई सकाळपासून लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या. ऊन अंगावर आलं तशा आत सरकल्या, मग भिंतीला टेकल्या. दवाखान्यातून फोन आला की तुमचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं, आज आता जमणार नाही. दीर आले तेव्हा दिवस कलला होता. चेहरा उतरलेला होता त्यांचा, हे मी नाकारत नाही. म्हणाले, आई, मंगळवारी नक्की. सासूबाई म्हणाल्या, राहू दे बापा. पुरे झालं आता वणी. माह्यामुळं घरात कटकट नको.

रविवारी त्यांचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. आडवं पडलं की धाप लागे, म्हणून त्यांना उशा लावून बसवून ठेवलं. पाणी मोजून देत होते मी, वाटीनं. आणि त्या म्हणत होत्या की नाही जायचं. त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. दुकानदार शटर ओढतो तितक्या शांतपणे सांगत होत्या. मला भीती वाटली. त्यापेक्षा जास्त राग आला. एका वळणावरच्या आवाजासाठी, आणि तो ऐकायला मी कुठल्या सीटवर बसायचं यासाठी, हे माणूस जाणार होतं. रीत म्हणे. आग लागो असल्या रितीला.

सोमवारी सकाळी दीर शेतावर निघाले. मी मागून चौकात गेले. पानठेल्यावर चारपाच जण होते, बाजूला दूधवाला. दिरांनी गाडीचं दार उघडलं आणि ते बसले. मी दुसऱ्या बाजूनं आले, पुढचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी बसले. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खांद्यावर आला होता, तो मी तसाच राहू दिला. दिरांनी समोरच्या काचेकडं पाहिलं, मग स्टेअरिंगकडं. त्यांना माझ्याशी बोलायचं कसं हेच माहीत नव्हतं, निरोप न्यायला आई नव्हती ना.

"दादा," मी म्हटलं, "गाडी दारापर्यंत घ्या."

लग्नानंतर त्यांच्याशी सरळ बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. माझा आवाज कापला नाही. दार मी ओढून लावलं.

ते उतरले असते तर चौकात तमाशा झाला असता, आणि तमाशाची त्यांना फार भीती. त्यांनी गाडी सुरू केली. वळणाशी आल्यावर ते थबकले, इथून परत फिरायचं त्यांच्या मनात असावं. मी म्हटलं, पूर्ण फिरवा, अजून, अजून थोडं, आता रेस द्या. गाडी चढाला लागली आणि डाव्या चाकातून तो आवाज असा स्वच्छ निघाला की अंगणातली शेजारीणसुद्धा वळून पाहू लागली. कट-कट-कट-कट. दिरांनी पाय काढला, आवाज थांबला. पाय दिला, पुन्हा सुरू.

मी त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही. बाजाराच्या मैदानात नेलं. सोमवारी तिथं बकऱ्या सोडल्या तर कुणी नसतं. आधी डावीकडं गोल फिरवायला लावलं, काही नाही. मग उजवीकडं गोल. आवाज. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर त्यांनी स्वतःहून फिरवली, मान वाकडी करून, कान खिडकीबाहेर काढून. मग उतरून मी डाव्या चाकामागं वाकले. आतली बाजू काळ्या वंगणानं माखलेली, आणि एक्सलच्या टोकावरचं घड्यांचं रबर फाटून लोंबत होतं. वंगण बाहेर आलं म्हणजे आत धूळ गेली, एवढं तर ट्रॅक्टरनं शिकवलंच होतं. मी बोट लावून ते काळं बोट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री दुपारीच आला. एक्सलचा जॉइंट गेला म्हणाला, वरचं रबर फाटलं की असंच होतं, आणखी थोडी चालवली असती तर ट्रकांच्या मधे रस्त्यातच बसली असती. क्लचचं नाव त्यानं काढलं नाही. मीच काढलं. तो पाना शोधायला गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. जॉइंट नवा बसला, रबर नवं बसलं, आणि गाडी दारापर्यंत आणून मी स्वतः ऐकलं, आवाज गेला होता. किल्ली गाडीलाच होती. ती मी काढून कमरेला खोचली.

गावात काय बोलायचं ते बोलून झालं. थोरल्या दिराशेजारी पुढं बसली, डोक्यावर पदर नव्हता, वगैरे. बोला म्हटलं. तुमच्यापैकी कुणी वणीला येऊन मशीनपाशी चार तास बसता का, तेवढं सांगा.

संध्याकाळी दीर जेवायला बसले. सासूबाई उशांना टेकून, मी गॅसपाशी. सगळं पहिल्यासारखं व्हावं अशी त्यांची इच्छा दिसत होती, कारण त्यांनी घास घेता घेता नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "आई, तिले सांग, उद्या गाडी मले यवतमाळले पाह्यजे. तसंही तू वणीले नाही म्हणत होती. शनिवारी पाहू."

मी तवा खाली ठेवला. तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईच सरळ होऊन बसल्या. धाप लागली होती, म्हणून एकेक शब्द सुटा सुटा आला.

"माह्या तोंडून आता निरोप जाणार नाही. ती समोर हाय, तिले इचार. आन उद्या मी वणीले जाऊन राह्यली. मले मरायचं नाही हाय."