आप्पासाहेबांची कमान

"पोरगी काय करते?" या एका प्रश्नाला आप्पासाहेब वचकून असत. एरवी आटपाडीजवळच्या त्या गावात हा निवृत्त एसटी मेकॅनिक कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. पण लेक आम्रपाली सांगलीच्या कॉलेजात 'व्हिस्कोइलास्टिक रचनांचं स्थैर्य' या विषयात संशोधन करायची आणि ते नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना. फलटणचे मेहुणे दादासो दर भीमजयंतीला मुद्दाम विचारत. आप्पासाहेब "गणितं करती" म्हणून चहाकडे वळत. आम्रपालीला ते फार लागायचं.

यंदा जयंतीची कमान त्यांनी बांबूऐवजी प्लॅस्टिकच्या पाइपांची केली. हौस दांडगी, म्हणून मार्चातच उभारली, वर भलाथोरला फलक चढवला आणि चारचौघांसमोर स्वतः लोंबकळून दाखवलं. कमान ढिम्म हलली नाही.

रविवारी आलेल्या आम्रपालीने पाइपची जाडी पाहिली, उन्हाचा अंदाज घेतला, बराच वेळ आकडेमोड केली आणि कमान जयंती पाहणार नाही असं सांगून टाकलं. आप्पासाहेब तडकले.

"माझं वजन पेललं तिनं. फलकाचं काय घिऊन बसलीस?"

"तुमी घटकाभर लोंबकळलासा, आप्पा. फलक रातंदीस हाय."

मग तिने समजावलं. असलं प्लॅस्टिक ओझ्याखाली हळूहळू नमत जातं, उन्हात जास्तच. दिसायला उभं असतं आणि एका टप्प्याला एकदम बसतं. तो टप्पा कधी येईल हे समीकरण मांडून आधी सांगायचं, हेच तिचं काम. तिने कमानीच्या मधोमध दोरीला खडा बांधून जमिनीपासून वीतभर वर सोडला आणि ती सांगलीला गेली.

खडा खाली येत चालला. आप्पासाहेब कुणाचं लक्ष नाही असं बघून बोटं लावून पाहत. दोनच बोटं उरली तेव्हा त्यांनी मुकाट्याने फलक उतरवला. मग एका सकाळी लेकीला फोन लावला.

"खडा परत वर चाललाय गं."

त्यांच्या आवाजातलं नवल ऐकून तिला हसू आलं आणि भरूनही आलं.

जयंतीच्या दिवशीच फलक चढला आणि मिरवणूक झोकात खालून गेली. जेवताना दादासोंनी ठेवणीतला प्रश्न काढलाच. आप्पासाहेबांनी हातातला घास खाली ठेवला.

"आज ताठ उभं हाय ते कवा बसंल, त्ये आधी सांगती. ही कमान तिनंच राखलीया."

वाढायला आलेली आम्रपाली जागीच थांबली. इतकी वर्षं हेच ऐकायला ती आसुसली होती. तिने वडिलांच्या ताटात दोन जिलब्या वाढल्या. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली होती, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.