गोटे मला दिसले होते

आमच्या तिरोडा रस्त्यावर दिवाळीनंतर अर्ध्या डांबरावर धान वाळतं. गाडी त्यावर चढू नये म्हणून कडेने डोक्याएवढे गोटे मांडतात. चूकच आहे ती, पण सगळ्या गावांची आहे. त्या चुकीच्या आड मी आठ वर्षं लपलो.

मी राइस मिलचा मेटाडोर चालवायचो. त्या दुपारी माझ्या शेजाऱ्याची बायको रस्त्यावरचं धान पायाने फिरवत होती, माझ्याकडे पाठ करून. माझं पुढचं चाक गोट्यावर चढलं, गाडी धानात घुसली आणि ती चाकाखाली आली. जागीच गेली.

पोलिसांना मी सांगितलं, समोर एकदम गोटा आला. गावाने माना डोलावल्या. मी सुटलो. गोटे शेजाऱ्याने स्वतः मांडले होते. तेराव्याला त्याच्या एकुलत्या एका मुलीने बापाला सगळ्यांदेखत म्हटलं, "माह्या मायले तूच मारलास." सासरी गेली, ती परत आलीच नाही. मी तिथेच पंगतीत होतो. जेवत राहिलो.

खरं असं, की गोटे मला दुरूनच दिसले होते. रोज दिसायचे. पण मोबाइल खांद्यात दाबून मी मिलच्या मुनिमाशी बोलत होतो.

"कहाँ तक पहुँचे?"

"बस मुनीमजी, तिरोडा पार कर लिया."

तिरोडा अजून पुढेच होतं. ते खोटं निभावायला गाडी दामटत होतो. ब्रेकवर पाय गेलाच नाही. असाच चालवायचो मी, कानाला फोन लावून, भरधाव. इतकी वर्षं काही झालं नव्हतं, त्याचाच माज.

गेल्या महिन्यात शेजाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो सुपात लाखोळीची डाळ निवडत होता. त्याचे हात थांबले.

"आता कायले सांगून राहिला? मरून राहिला का?"

"नाही, भाऊ."

"मंग मले नको सांगू. चल, पोरीले सांग."

दोघं बसने तिच्या सासरी गेलो. तिने उभ्यानेच ऐकलं. मला सोडून बापाकडे वळली.

"बा, तू एकदाही काऊन नाही म्हटलास, मी नाही मारलो म्हणून?"

तो म्हणाला, "मलेच कुठं माहीत होतं, बाई."