पितळी कुकराचं झाकण

ह्यांनी मद्रासहून पितळी कुकर आणला तेव्हा घरातल्या पुरुषांना वाटलं, स्वयंपाकाचा प्रश्न कायमचा सुटला. तळाशी निखारे, वर पाणी आणि त्यात एकावर एक तीन डबे: डाळ, भात, भाजी. निखाऱ्यांवर भाताची तुसं पसरली की ती संध्याकाळपर्यंत धुमसत राहायची. अन्न म्हणे आपोआप शिजतं. ज्यांनी जन्मात चूल फुंकली नाही, त्यांनाच असं आपोआप शिजलेलं दिसतं. चव म्हणाल तर डाळीला पडवळाचा वास आणि पडवळाला डाळीचा.

तरी मला तो कुकर हवा होता. तंजावुरातल्या एका मुलींच्या शाळेत मला दुपारच्या पाळीची नोकरी लागली होती, आणि काही झालं तरी ती सोडायची नव्हती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अट घातली की रात्रीचं अन्न मडीतलंच हवं. मडी म्हणजे आमच्याकडचं सोवळं. मी न्हाऊन ओलेत्यानं कुकर लावायचा, शाळेतून आल्यावर पुन्हा न्हायचं आणि मगच झाकण काढायचं. मधे कुणाचा हात लागला तर अन्न बाटलं, टाकून द्यायचं. पोंगलपर्यंत हे जमलं नाही तर राजीनामा. हे बाजूलाच मूग गिळून बसले होते. तेवढं ह्यांना उत्तम जमायचं.

भात रोज कच्चा निघू लागला. मी निखारे वाढवले, पाणी वाढवलं, तांदूळ आधी भिजवून पाहिले. काही उपयोग नाही. मामंजी एकेक शीत बोटांत चिरडून ह्यांना दाखवायचे आणि शिकलेल्या बायकांच्या हाताला चव नसते असं सांगायचे. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दुपारी हॉटेलात कॉफी पिणं आणि घरी येऊन आम्हाला मडी शिकवणं, एवढाच त्यांचा उद्योग होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पोंगल तोंडावर आलं. मी हरल्यातच जमा होते. एक दिवस निघायच्या घाईत डब्यांचा क्रम चुकला, भात सगळ्यात वर गेला आणि भाजी मधे. संध्याकाळी न्हाऊन आले, केळीची पानं मांडली. कुकर तसाच बंद होता. मामंजी पाटावर बसता बसता म्हणाले,

"आज भात वरच्या डब्यांत कां ठेवलास? वर शिजत नाहीं तो."

मी हातातली पळी खाली ठेवली.

"मामंजी, झाकण अजून काढलें नाहीं."

ह्यांनी मान खाली घातली. हॉटेलातून आलेल्या सदऱ्यानिशी हा सासरा रोज दुपारी कुकर उघडून बघत होता, वाफ सोडत होता, आणि रात्री माझ्या नोकरीच्या नावानं शीत चिरडत होता. मला इतकी किळस आली की रागसुद्धा आला नाही. त्यांच्याच नियमानं ते अन्न आता बाटलेलं होतं. टाका, असं ते म्हणतात का, याची मी वाट पाहत उभी राहिले.

"वाढ," मामंजी म्हणाले.

तो अर्धकच्चा, स्वतःच बाटवलेला भात त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. एकही शीत चिरडलं नाही. पोंगल आलं आणि गेलं, राजीनाम्याचं नाव कुणी काढलं नाही. भातही त्यानंतर कधी कच्चा राहिला नाही.