तिसरा थर

अनंतराव गेल्याचं सुनंदाने सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "ती खोली बंद आहे ना?" धाकट्या बहिणीचा नवरा गेलाय, ती रडतेय, आणि मी खोलीची चौकशी करतोय... दीड महिना झाला, लिहितानाही लाज वाटते. पण आयुष्य जकात नाक्यावर गेलेलं. ताडपत्री दिसली की उचलून बघायची, ही हाताला लागलेली खोड.

अनंतराव डीव्हीडी बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. बोलणं मोजकं. भाईंदर पूर्वेला त्यांच्या दोन खोल्या. त्यातल्या आतल्या खोलीत ते दर रविवारी दुपारी दार लोटून बसायला लागले. खिडकीला पिवळा कागद, दाराच्या फटीतून निळा उजेड, मिक्सरची घरघर आणि जिन्यापर्यंत येणारा उग्र वास. समोरच्या भाभींनी मला हळूच विचारलं, "भाईसाब, अंदर क्या बनता है?" तेव्हा स्टेशनबाहेर फुटपाथवर चोरट्या सिनेमांच्या सीड्यांचे ढीग असायचे, मधूनच धाड पडायची. मला वेगळं सांगायची गरज नव्हती. बहिणीच्या घरी पोलीस यायच्या आधी आपणच माल पकडायचा, असं मी ठरवून टाकलं.

मग दर रविवारी ड्युटी संपली की खाकी कपड्यांतच मी तिकडे. हातात कधी सुकट, कधी केळी. चपला काढायच्या आणि सरळ आतलं दार ढकलायचं. वासाने एकदा अनंतरावांना चक्कर आल्यापासून सुनंदाने त्या दाराची कडीच काढून टाकली होती, त्यामुळे माझी सोय झाली. ते कधी चिडले नाहीत. मिक्सरवर फिरणाऱ्या चकतीकडे क्षणभर बघायचे, ती बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "दादा, थोडं थांबून आला असतात तर..." माल लपवायला वेळ हवा असणार, दुसरं काय?

एकदा त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. डीव्हीडीत माहिती एका थरात असते, फार तर दोन. त्यांना तिसरा चढवायचा होता, म्हणजे तेवढ्याच चकतीत दीडपट मावेल. दोन थरांमध्ये एक चिकट द्रव लागतो. तो सारखा पसरावा म्हणून चकती मिक्सरच्या मोटरवर फिरवायची आणि डास मारायच्या यंत्राच्या निळ्या नळीखाली धरून द्रव घट्ट करायचा. उन्हाने तो आधीच आळू नये म्हणून पिवळा कागद. जुन्या प्लेअरचं भिंग खालून वर सरकवलं की दर थराला त्याला जोडलेल्या मीटरचा काटा एक उडी मारतो. काट्याने दोन उड्या मारल्या. "तिसरी लागली की साहेबांना दाखवतो, प्रयोगशाळेत घेतात का बघू," ते म्हणाले. मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. मिक्सरवर कोणी शोध लावतं का? उलट त्यानंतर मी जास्तच अचानक जायला लागलो.

तेराव्यानंतर सुनंदाने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत चकत्या. सिनेमा एकही नाही. प्रत्येकीवर मार्करने ती का फसली ते लिहिलेलं. 'बुडबुडा'. 'जाडी कमी'. 'धूळ'. मग 'दादा'. पुन्हा 'दादा'. अशा नऊ निघाल्या.

"तू दार उघडलंस की धूळ यायची," सुनंदा म्हणाली. "एक कण मधे गेला की चकती वाया."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"ते मला म्हणायचे, 'दादा तुझ्या काळजीनेच येतात. त्यांना काय बोलायचं?'"

तळाशी एक चकती होती, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या रविवारची, असं सुनंदा म्हणाली. त्या रविवारी माझा गुडघा सुजला होता, मी गेलो नव्हतो. मी ती त्यांच्या जुन्या प्लेअरवर लावली, भिंग सरकवलं. काटा उडाला. पुन्हा उडाला. मग किंचित हलका, पण तिसऱ्यांदाही. मी यंत्रावरच संशय घेऊन पाच वेळा करून पाहिलं. तीनच.

ती चकती सुनंदाने स्वतःजवळ ठेवली. मीही मागितली नाही. माझं नाव लिहिलेल्या नऊ तिने मला पिशवीत घालून दिल्या. त्या माझ्या कपाटात आहेत. परवा त्यातली एक खिडकीशी धरली... दोन थरांच्या मधे एक बारीक धागा अडकलाय. तो खाकी आहे, असा मला दाट संशय आहे.