मीच माझ्या फ्लॅटचा नोकर

आता हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

लखनौला संशोधन संस्थेत नोकरीला लागून मला बावीस वर्षं झाली. गेल्या वर्षी डोक्यात गुंतवणुकीचं खूळ शिरलं आणि शहराच्या कडेला चिनहटला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, भाड्यानं द्यायला. घेतला बायकोच्या, सुनंदाच्या नावावर. ती माहेरचं आडनाव लावते. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला.

आमच्या संस्थेतले देवधर या धंद्यातले मुरलेले. ते म्हणाले, "भाडेकरूला मालक आहेस असं कधी सांगू नकोस. मी फक्त देखरेखीला, मालकीणबाई फार कडक, असं सांगायचं. नाही म्हणणं सोपं जातं."

मला पटलं. शास्त्रज्ञ माणूस, कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही.

भाडेकरू मिळाले मिश्रा कुटुंब. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. सुनंदानं करारावर घरीच सही केली आणि मी तो जुन्या स्कूटरवरून पोचवला. मिसेस मिश्रांनी विचारलं, "और आप?"

"मैं तो बस मैडम का काम देखता हूँ."

इथपर्यंत ठीक होतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, भिंतीत खिळे ठोकू का? मी म्हटलं, "मैडम नहीं मानेंगी." बाल्कनीत कूलरचा स्टँड लावू का? "मैडम बहुत सख्त हैं, बहन जी." नाही म्हणण्यात इतकी मजा असते हे मला पन्नाशीत कळलं. मग मी रंगतच गेलो. मॅडम फोनवर ओरडतात, मॅडम सणालासुद्धा सुट्टी देत नाहीत, काय वाट्टेल ते.

नळ गळायला लागला की मी स्वतःच पाना घेऊन जायचो. प्लंबर कोण बोलावणार? मला ओट्याखाली आडवा झालेला बघून मिसेस मिश्रांचे डोळे भरून यायचे. "इस उमर में भी चैन नहीं," म्हणत त्या चहा आणि गरम समोसे पुढे करायच्या. मला थोडी लाज वाटायची. पण समोसे चांगले असायचे.

डिसेंबरात तर त्यांनी नवऱ्याचा राखाडी स्वेटर माझ्या हातात ठेवला. "ले जाइए भैया जी, मना मत कीजिए." आता यावर काय बोलणार? घेतला. सुनंदाला सांगितलं, निशातगंजला सेल लागला होता.

मग एक दिवस मिसेस मिश्रा म्हणाल्या, "अम्मा के लिए बाथरूम में पकड़ने का हैंडल लगवाना था."

आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "मैडम नहीं मानेंगी."

स्कूटर सुरू करताना मनाला लागलं. म्हाताऱ्या माणसाच्या हँडलला कुणी नाही म्हणतं का? पण शब्द मागे कसा घ्यायचा ते सुचेना. तसाच घरी आलो.

रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. मी तोच स्वेटर घातलेला. सुनंदाचा फोन वाजला. करारावर नंबर तिचाच होता. तिनं स्पीकर लावला.

"मैडम, मैं चिनहट वाले फ्लैट से मिसेज मिश्रा. अम्मा कल बाथरूम में गिरते-गिरते बची हैं. एक हैंडल के लिए इतनी सख्ती?"

सुनंदा गोंधळली. "मैंने कब मना किया? हैंडल आज ही लग जाएगा. और कुछ चाहिए था?"

मग सगळं बाहेर आलं. खिळे, कूलर, सणाची सुट्टी. सुनंदा ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी पोह्यातले शेंगदाणे वेचत होतो.

"आप तो कितनी भली हैं," मिसेस मिश्रांचा आवाज चढला. "यह आदमी आपके नाम से झूठ बोलता है. हमने तो तरस खाकर स्वेटर तक दे दिया. निकाल दीजिए इसे."

सुनंदानं स्वेटरकडे एकदा नीट पाहिलं.

"निकाल तो देती बहन जी," ती शांतपणे म्हणाली, "लेकिन शादी को सत्ताईस साल हो गए."

मग इतके महिने फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेल्या त्या दयाळू आवाजात मिसेस मिश्रांनी विचारलं, "हाय राम. तो आप कैसे निभाती हैं?"